स्टेफी तुस्कानोचं कोरं जर्नल

१

जर्नल उघडलं आणि आत एक अक्षर नाही!

पुठ्ठ्यावर नाव होतं, स्टेफी क्लेमेंट तुस्कानो. पहिल्या पानावर कॉलेजचं छापील प्रमाणपत्र, दुसऱ्यावर छापून आणलेली अनुक्रमणिका. त्याखाली शंभर-सव्वाशे कोरी करकरीत पानं. सुमेधा मॅडमनी ती पुढून चाळली, मागून चाळली, आणि मग चष्मा काढून समोर उभ्या असलेल्या स्टेफीकडे बघितलं.

"हे काय आहे, स्टेफी?"

"मॅडम, हे माझं नाही. म्हणजे वरचं माझं आहे, आतलं नाही. मी काल पूर्ण लिहिलेलं दिलं होतं. तुमच्या सह्या होत्या पानापानावर!"

"बेचाळीस जर्नलं, प्रत्येकी शंभर पानं. कुणाच्या पानावर सही केली ते मला आठवेल का?"

मॅडमचंही खोटं नव्हतं. सही करताना त्या पान वाचत नाहीत हे वसईच्या त्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक होतं. पण कायद्याच्या शेवटच्या वर्षाला हे जर्नल म्हणजे विद्यार्थ्याचा जीव की प्राण. कोर्टात बसून बघितलेले खटले, अशिलांच्या मुलाखती, मूट कोर्टातले, म्हणजे सरावाच्या खोट्या कोर्टातले, युक्तिवाद, सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं. जर्नल नाही तर व्हायवा नाही, आणि व्हायवा नाही तर अख्खं वर्ष पाण्यात.

"एक वाजता परीक्षक उठतील," मॅडम म्हणाल्या. "तोवर जर्नल आलं तर ठीक. नाहीतर मला लिहावं लागेल की विद्यार्थिनीनं कोरं जर्नल देऊन फसवणूक केली."

साडेदहा वाजले होते. गिरीजच्या तुस्कानोंच्या घरात आजवर कुणी वकील झालं नव्हतं. बाप क्लेमेंट सातवी शिकलेला, केळीची आणि भाजीची वाडी करणारा माणूस. आज लेकीचा शेवटचा व्हायवा म्हणून चर्चमध्ये मिस्सेला घालायचे कपडे घालून तो स्कूटरवरून तिला सोडायला आला होता आणि अजून फाटकाशीच उभा होता. त्याला आत बोलावून काय सांगायचं?

स्टेफी रडली नाही. ओठ घट्ट मिटून ती बाहेर आली आणि तडक तिसऱ्या बाकाकडे गेली. तिथे तिचा बाकसोबती बसला होता, वय वर्षे त्रेसष्ट.

२

आत्माराम चुरी, राहणार आगाशी. तेहतीस वर्षं कोर्टात बेलिफ. म्हणजे समन्स घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. लोक काय कमी बिलंदर असतात? समन्स आलं की नवरा गावाला गेलेला असतो, सासरा आजारी असतो, घराला पुढून कुलूप आणि मागच्या दारानं भाजीला फोडणी. पण दाराबाहेरच्या चपला मोजून, दोरीवरचे ओले कपडे बघून आत कोण आहे ते आत्माराम ओळखायचे. 'माणूस मिळाला नाही' असा शेरा मारून समन्स परत आणलंय असं तेहतीस वर्षांत एकदाही झालं नाही, आणि हे ते चारचौघांत सांगायचेही. का सांगू नये? खरंच होतं ते.

निवृत्त झाल्यावर घरच्यांनी सांगितलं, आता आराम करा. यांनी लॉ कॉलेजात नाव घातलं. "तेहतीस वर्षं वकिलांचे कागद वाहिले, आता आत काय लिहिलेलं असतं ते बघू दे," म्हणाले. इंग्रजी कलमं डोक्यावरून जायची. ती त्यांना स्टेफीनं शिकवली, डब्यातली केळ्याची भजी खात खात, तीन वर्षं. त्या पोरीचा त्यांना स्वतःच्या पोरांइतका अभिमान होता, आणि हेही ते चारचौघांत सांगायचे.

"काका, माझं जर्नल कोणीतरी बदललं," ती म्हणाली आणि घडलं ते सगळं तिनं सांगितलं.

"काल कधी दिलंस?"

"साडेतीनला. मॅडमच्या टेबलावर गठ्ठा होता, त्याच्यावर ठेवलं. मॅडमसाठी भाजीच्या केळ्यांची फणी नेली होती, ती जर्नलवरच ठेवली, दुसरीकडे जागाच नव्हती. पप्पांनी सकाळीच कापलेली. देठाला कागद गुंडाळून दिला होता."

"बरं. तू बस इथं. पाणी पी."

स्टाफरूममध्ये जाऊन आत्मारामनी आधी मॅडमना नमस्कार केला, मग जर्नल बघायला मागितलं. वर्गातला विद्यार्थी असला तरी वयाचा मान असतोच, मॅडम नाही म्हणू शकल्या नाहीत. कोऱ्या पानांच्या कडेला, जिथे भोकांतून लेस ओवलेली होती तिथे, अंगठ्याएवढे दोन-तीन तपकिरी डाग होते.

"चहाचे असतील," मॅडम म्हणाल्या.

 आत्मारामनी खोलीभर नजर फिरवली. केळ्यांची फणी खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती, देठ उघडा. गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद टेबलाखाली होता.

"मॅडम, फणी तिकडे तुम्ही ठेवली?"

"नाही हो. मी चारला कुलूप लावून गेले तेव्हा ती गठ्ठ्यावरच होती. छान कागदबिगद गुंडाळलेली."

"आणि तुमच्यानंतर आत कोण आलं?"

त्याचं उत्तर शिपाई सॅमीनं दारातूनच दिलं. किल्ली त्याच्याकडे असायची. "तिघं आली, काका. सव्वाचारला जेन्सन, जर्नल द्यायला. मग स्वप्नाताई, फोटो चिकटवायला. आणि शेवटी आपला जितेंद्र, हजेरीची यादी ठेवायला. तिघंही एकेकटी गेली आत. बाकी कोणी नाही, आईशपथ."

आत्मारामनी डागांवरून एकदा बोट फिरवलं. आत येणारी तीन माणसं, आणि त्यातल्या एकाचे हात बरबटलेले.

३

जेन्सन उमेळ्याचा, वाडीवाल्याचाच पोरगा. वर्गात सगळ्यात उशिरा येणारा. आत्मारामनी त्याला गॅलरीत गाठलं तेव्हा तो भिंतीला टेकून खटल्यांची नावं पाठ करत होता. पांढऱ्या शर्टाच्या पोटावर हा मोठा तपकिरी डाग!

"काका, मी नाही केलं," तो विचारायच्या आतच म्हणाला. "सगळे माझ्याकडेच बघतायत. मी उशिरा दिलं खरं, चार रात्री जागून लिहिलंय. हे बघा बोट, पेन धरून घट्टा पडलाय."

"आणि हा डाग?"

"हा? पहिल्या वर्षाचा आहे तो! कॉलेजचा शर्ट घालून वाडीत गेलो होतो. मम्मीनं तेव्हा धोपटलंच मला."

"काल स्टाफरूममध्ये केळी बघितलीस?"

"बघितली ना. गठ्ठ्याच्या वर होती. मी माझं जर्नल बाजूला ठेवलं आणि पळालो. केळ्याला कशाला हात लावू? आज हाच शर्ट घालायचा होता."

स्वप्ना नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधली, वर्गात पहिली येणारी. स्टेफी तिच्या मागोमाग दोन-तीन मार्कांनी. विचारायला गेलेल्या आत्मारामना तिनं उभ्या उभ्याच उत्तर दिलं.

"तुम्हाला वाटतं मी केलं? पहिल्या नंबरासाठी? काका, मला तिला हरवायचंय, पण पेपरात. ती व्हायवालाच बसली नाही तर माझ्या पहिल्या नंबराला काय किंमत?" तिनं मान उडवली. "आणि माझं जर्नल सोमवारपासून मॅडमच्या कपाटात आहे, वर्गाला नमुना म्हणून. त्याच्यावरच फोटो चिकटवला मी. कपाटाची किल्ली सॅमीदादानंच दिली."

राहिला जितेंद्र. विरारचा, वर्गाचा प्रतिनिधी. दिवसा कॉलेज, संध्याकाळी एका वकिलाच्या ऑफिसात काम, आणि मधल्या वेळात अख्ख्या वर्गाच्या मागे लागणं. "जर्नल झालं का? माझं तर महिन्यापूर्वी तयार आहे!" हे वाक्य गेला महिनाभर सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच्या वडिलांनी तर निकालाआधीच दारावर लावायची पाटी करून ठेवली होती, 'ॲड. जितेंद्र' अशी. सोसायटीत सगळ्यांना दाखवून झाली होती.

"फार वाईट झालं, काका," तो म्हणाला. "पण स्टेफीनंच कोरं दिलं नसेल कशावरून? मी फक्त यादी ठेवली आणि निघालो. टेबलावरच्या कशालाही हात लावला नाही."

"केळ्यांनासुद्धा?"

"कुठली केळी?"

एवढी मोठी फणी, टेबलाच्या मधोमध. जेन्सनला दिसली, मॅडमना दिसली. यादी ठेवणाऱ्याला दिसली नाही!

आत्मारामनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. बूट चकचकीत, टाय नीट, शर्टाला कडक इस्त्री. आणि बाह्या मात्र कोपरापर्यंत दुमडलेल्या. परीक्षकांपुढे जाताना बाह्यांची बटणं लावायची, हे गेल्याच आठवड्यात यानंच फळ्यावर लिहिलं होतं.

"जितेंद्र, बाह्या सोड बाबा खाली. तुझा नंबर येईल इतक्यात."

"उकडतंय, काका," तो म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला.

तेवढ्यात सॅमीनं हाक मारली. "आत्माराम चुरी! व्हायवा!"

घड्याळात पावणेबारा झाले होते.

४

परीक्षक बाहेरून आलेले, केस पिकलेले वकील होते. आत्मारामचं जर्नल त्यांनी पुढ्यात ओढलं. "हं, चुरी. पुराव्याच्या कायद्यातलं काही सांगा."

"साहेब, पुरावाच सांगतो. पण पुस्तकातला नाही, याच टेबलावरचा. माझे मार्क यावरच द्या."

शेजारी बसलेल्या सुमेधा मॅडम चमकल्या. परीक्षकांनी भुवई उंचावली. "आणि चुकलात तर?"

"नापास करा. शिवाय ज्याचं नाव घेईन त्याची सगळ्या वर्गासमोर माफी मागतो."

त्रेसष्टाव्या वर्षी मिळणारी पदवी माणसानं अशी पणाला लावावी का? पण आत्मारामना तिसऱ्या बाकावर ओठ मिटून बसलेली पोर दिसत होती. ते उभे राहिले, मॅडमपुढचं स्टेफीचं जर्नल उघडलं आणि सकाळपासूनची हकिकत, आत गेलेल्या तिघांसकट, थोडक्यात सांगितली.

"साहेब, पहिली गोष्ट. हे डाग चहाचे नाहीत. चहा कागदावर पसरतो. हा केळीचा चीक आहे. ताजा असताना पाण्यासारखा असतो, दिसत नाही. मग काळपट पडतो आणि जन्मात जात नाही. म्हणजे ही कोरी पानं आत घालणाऱ्याचे हात चिकाचे होते. फणी टेबलावर आली ती स्टेफीनं जर्नल दिल्यानंतर. मॅडम समोर होत्या. चारला कुलूप लागलं तेव्हाही देठावर कागद होता. म्हणजे हे काम चारनंतरचं, आणि चारनंतर स्टेफी इथे नव्हती."

"मग तो जेन्सन," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या शर्टावर डाग आहे!"

"मॅडम, वाडीतला माणूस फणी देठाकडून उघड्या हातानं धरत नाही. कागद बांधला होता तो त्यासाठीच. तो सुटला तर वाडीवाला आधी परत गुंडाळेल. जेन्सनचा डाग तीन वर्षांचा आहे, आणि त्याबद्दलचा आईचा मार त्याला अजून आठवतो. ज्यानं कागद ओढून टाकला आणि उघडा देठ मुठीत धरून फणी खिडकीत नेली, त्यानं आयुष्यात केळी फक्त बाजारातून आणलीत."

परीक्षक पुढे सरकले. "मग ती दुसरी मुलगी? पहिल्या नंबराची?"

"तिला स्टेफीचा अडथळा दूर करायचा असता तर तिनं जर्नल उचलून खाडीत टाकलं असतं. कोरी पानं कशाला भरत बसेल? साहेब, भोकं पाडलेली सव्वाशे कोरी पानं घेऊन स्टाफरूममध्ये कोण येतं? ज्याचं स्वतःचं जर्नल कोरं आहे तो! आधी गठ्ठ्यात स्वतःचं कोऱ्या पानांचं जाडजूड जर्नल ठेवून दिलं, मग काल ती कोरी पानं काढून स्टेफीच्या पुठ्ठ्यात घातली, आणि तिची पानं स्वतःच्या. चोराला स्टेफीचं वाईट करायचं नव्हतं, त्याला तिची लिहिलेली, सह्या झालेली पानं हवी होती. हाताशी सगळ्यात वर तीच आली, एवढाच तिचा गुन्हा." आत्मारामनी श्वास घेतला. "एकच जर्नल उघडा. जितेंद्रचं. आणि त्याला म्हणावं, बाह्या खाली सोड."

परीक्षकांनी सॅमीला जितेंद्रला बोलवायला पाठवलं.

५

जितेंद्र आत आला. परीक्षकांनी सांगितल्यावर त्याला बाह्या सोडाव्याच लागल्या. उजव्या बाहीवर मनगटापाशी तपकिरी-काळे डाग होते, साबणानं घासून घासून आणखी गडद झालेले.

"केळीचे असतील. घरी केळी आणली होती," तो म्हणाला.

परीक्षकांनी त्याचं जर्नल उघडलं. अक्षर गोल, सुबक. "हे तुझं अक्षर?"

त्याचं उत्तर तयार होतं. वकिलाच्या ऑफिसात काम केल्याचा एवढा फायदा झालाच होता. "नाही सर. माझा हात दुखत होता, म्हणून मी सांगितलं आणि स्टेफीनं लिहून दिलं. ती माझी चूक. पण काम सगळं मी केलंय. कोर्टात मी गेलो, मुलाखती मी घेतल्या."

मॅडमनी आत्मारामकडे बघितलं. आता? अक्षर जुळवून काय उपयोग? बाह्यांचे डाग घरच्या केळ्यांचे, अक्षर स्टेफीचं पण मजकूर याचा, आणि तिच्या शब्दाविरुद्ध याचा शब्द.  तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच आत्मारामचं समन्स हातात राहतंय की काय?

परीक्षक मात्र शांतपणे पानं उलटत होते. एका पानावर थांबून त्यांनी दोन मिनिटं वाचलं. "मुलाखत चौथी. मोफत कायदा-मदत शिबिरात आलेली मिठागरावरची म्हातारी, घर स्वतःच्या नावावर करून मागणारी. तू घेतलीस ना ही? मग सांग, तिनं कागदपत्रं कशातून आणली होती?"

"पिशवीतून, सर."

"आणि बोलायला सुरुवात कशी केली?"

जितेंद्रनं ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणाली... मला मदत करा, म्हणाली. गरीब बाई होती, सर."

"त्या मुलीला बोलवा. आणि तिनं उत्तर देईपर्यंत कोणी बोलायचं नाही."

स्टेफी आली. आत काय चाललंय याची तिला कल्पना नव्हती. परीक्षकांनी तिला तेच दोन प्रश्न विचारले.

तिचा चेहरा उजळला. "डब्यातून, सर. पितळी झाकणाचा डबा. मोठ्या भरतीला त्यांच्या घरात पाणी शिरतं, म्हणून कागदांचा डबा त्या आढ्याला टांगून ठेवतात. तो तसाच दोरीसकट घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, आजी, बसा, तुम्हाला काय मदत हवी? तर रागावल्याच माझ्यावर. म्हणाल्या," आणि स्टेफीनं मान ताठ केली, थेट त्या म्हातारीसारखी, "'मी मदत मांगाला नाय आली, पोरी. घरात पानी माझ्या शिरतं, आनि कागदावर नाव मेलेल्या नवऱ्याचं. माझं हाय ते मला द्या.'"

परीक्षकांनी पानाकडे बघितलं आणि तळहात त्यावर ठेवला. "शब्दन् शब्द."

जितेंद्र खुर्चीत बसला. खाली बघत म्हणाला, "सगळ्यांना सांगून बसलो होतो की माझं झालंय. पप्पांनी पाटी करून ठेवली. लिहायला वेळच झाला नाही, आणि नाही झालं म्हणायला तोंड राहिलं नाही." मग स्टेफीकडे न बघता, "सॉरी."

स्टेफीचे डोळे आता कुठे भरून आले.  "तू मागितलं असतंस तर मी रात्रभर बसून तुला लिहायला मदत केली असती, जितेंद्र. तुझ्यामुळे मला खोटी ठरवत होते."

सुमेधा मॅडमनी उठून स्टेफीच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माझीही आहे. वर्षभर तुझ्या पानांवर सह्या केल्या, आणि वाचलं एकही नाही."

जितेंद्रचा व्हायवा रद्द झाला. पुढच्या वेळी त्याला स्वतःचं जर्नल घेऊन यावं लागणार होतं. जाताना आत्मारामनी त्याला दारात थांबवलं. "पाटी फेकू नकोस. एक वर्ष माळ्यावर ठेव. कोर्टात बसायला सोबत हवी असेल तर आगाशीला ये."

"चुरी," परीक्षकांनी हाक मारली, "तुमचा व्हायवा झाला. असा युक्तिवाद मी कोर्टातसुद्धा फार ऐकलेला नाही. आता या मुलीचा घेऊ. रीतसर घेऊ हं, तिला बाहेर जाऊ दे आणि नाव पुकारून बोलवा. शिपाई कुठे गेला?"

"शिपाई कशाला, साहेब?" आत्माराम म्हणाले. "ते काम मला येतं."

ते गॅलरीत आले. स्टेफी डोळे पुसून, बाह्यांची बटणं लावून उभी होती. जेन्सन, स्वप्ना, सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला होता. आत्मारामनी छाती भरून घेतली. तेहतीस वर्षं दारोदार लोकांची नावं घेतली होती. ती ऐकून माणसं घाबरायची, लपायची. आज पहिल्यांदाच एक नाव असं घ्यायचं होतं की ते सगळ्या वसईनं ऐकावं.

"स्टेफी क्लेमेंट तुस्कानो, गिरीज!"

कोर्टात नाव तीनदा पुकारतात. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे वर्ग थांबले. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या क्लेमेंटनं ऐकलं, आपलं नाव, आपल्या लेकीच्या नावाला जोडलेलं, भर कॉलेजात. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हजर आहे!" वरून स्टेफीचा आवाज आला.